झेलेना होरा: जिभेच्या देवळाबद्दल पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

ब्रनोला राहायला आल्यापासून आमच्याकडे जो कोणी पाहुणा येतो, त्याला प्राग बघून झालं की आम्ही झेलेना होराला नेतो. टेकडी छोटी, चढ दमवणारा नाही, आणि वर जे चर्च उभं आहे तसं दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. प्रश्न मात्र दरवेळी तेच. सासूबाईंना सांगितलेलं पुन्हा मावसभावाला, त्याला सांगितलेलं पुन्हा ऑफिसातल्या पुणेकर मंडळींना. शेवटी एकदा लिहूनच काढलं.

हे नक्की आहे तरी कुठे?

चेक प्रजासत्ताकात, बोहेमिया आणि मोराविया या दोन प्रांतांच्या सीमेवरच्या विसोचिना नावाच्या पठारी भागात. गावाचं नाव झ्द्यार नाद साझावोउ, म्हणजे साझावा नदीवरचं झ्द्यार. गावाच्या उत्तर टोकाला एक जुना मठ, त्याच्या पायथ्याशी तळं, आणि तळ्यापलीकडच्या टेकडीवर संत यान नेपोमुकचं हे यात्रेचं चर्च. 'झेलेना होरा' म्हणजे शब्दशः हिरवा डोंगर. डोंगर म्हणायला आपली जीभ जरा अडखळते, टेकडीच ती.

ब्रनोहून किंवा प्रागहून रेल्वेने जाता येतं. ब्रनोहून साधारण तासाभरात पोचतो. स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे पुढे बस किंवा पायपीट.

एक जीभ सापडली म्हणून एवढं मोठं चर्च बांधलं, हे खरं?

खरं. १५ एप्रिल १७१९ रोजी प्रागच्या संत व्हीटस कॅथेड्रलमध्ये यान नेपोमुकची, म्हणजे राजाने बुडवून मारलेल्या एका धर्मगुरूची, कबर उघडली. माणूस जाऊन सव्वातीनशे वर्षं झाली होती. नुसती हाडं मिळायला हवी होती, पण कवटीत लालसर मऊ मांसाचा एक गोळा निघाला. बघणाऱ्यांनी एकमुखाने सांगितलं, ही जीभ! ज्या जिभेने राजापुढे ब्र काढला नाही, ती कुजली नाही. पुढे १७२५ साली चौकशी मंडळासमोर ती पुन्हा काढली, तेव्हा तर ती फुगली आणि तिचा रंग बदलला, असं नोंदवलं गेलं.

झ्द्यारच्या मठाधिपतीला ही बातमी लागली आणि त्याने १७१९ सालीच चर्च बांधायचं ठरवलं. गंमत अशी की तेव्हा यान नेपोमुक अधिकृतपणे संत सोडाच, 'धन्य' या पायरीवरही चढलेला नव्हता. ती पायरी १७२१ साली मिळाली, संतपद १७२९ साली. म्हणजे आधी देऊळ उभं राहिलं, देव मागाहून ठरला.

यान नेपोमुकने नेमकं कोणतं गुपित राखलं?

लोकांच्या तोंडी असलेली कथा अशी: बोहेमियाचा राजा चौथा वात्सलाव संशयी. राणी कुणापाशी पापांची कबुली देते, तर यानपाशी. राजाने विचारलं, तिने काय सांगितलं? यान गप्प. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने ती कुणालाही सांगायची नसते, राजालाही नाही. मग छळ, आणि २० मार्च १३९३ च्या रात्री प्रागच्या दगडी पुलावरून व्ल्टावा नदीत फेकून देणं. पाण्यावर प्रेत तरंगत होतं, तेव्हा डोक्याभोवती पाच तारे चमकले म्हणतात.

इतिहास जरा रुक्ष आहे. यान हा प्रागच्या आर्चबिशपचा मुख्य कारभारी होता. राजा आणि आर्चबिशप यांचं आधीच फाटलेलं होतं. क्लाद्रुबी नावाच्या श्रीमंत मठाचा मठाधिपती वारला, ती जागा राजाला आपल्या मनासारखी वापरायची होती, पण यानने तडकाफडकी नव्या मठाधिपतीची निवड कायम करून टाकली. राजा भडकला. म्हणजे छळ आणि बुडवणं खरंच घडलं, पण भांडण फाइलींचं आणि अधिकारांचं होतं. राणीची गोष्ट पंधराव्या शतकात चिकटली.

मला यात यानचा मान कमी झालासा वाटत नाही. वरिष्ठांच्या भांडणात खालच्या कारभाऱ्याचा जीव जातो, हे कोणत्याही दरबारात शोभेल असं आहे.

मग मेल्यावर तीनशे वर्षांनी त्याचा एवढा उदोउदो का झाला?

कारण मधे यान हुस होऊन गेला. हुस हा प्रागचा धर्मसुधारक, त्याला १४१५ साली कॉन्स्टान्समध्ये जिवंत जाळलं. त्याच्या अनुयायांनी बोहेमियात दोनशे वर्षं कॅथलिक सत्तेला जेरीस आणलं. १६२० मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवरच्या लढाईत कॅथलिकविरोधी पक्ष हरला आणि हाब्सबुर्ग राजांनी देश पुन्हा कॅथलिक करायला घेतला. लोकांच्या मनात एक हुतात्मा यान बसलेला होताच. त्याच्या जागी दुसरा यान बसवायचा, तोही चेक, तोही हुतात्मा, पण पोपच्या बाजूचा! पुढच्या काळातल्या चेक देशभक्तांनी हा आरोप उघड केला. आरोप पुरता खरा नाही, कारण प्रागमध्ये यानच्या कबरीला आधीपासून मान होता. पुरता खोटाही नाही.

प्रागच्या त्याच दगडी पुलावर, म्हणजे आजच्या चार्ल्स पुलावर, डोक्याभोवती पाच सोनेरी ताऱ्यांचं वलय असलेला काळपट पुतळा पाहिलाय ना, ज्याच्या खालच्या पट्ट्याला हात लावायला पर्यटकांची रांग असते? तोच हा. १६८३ चा आहे. मध्य युरोपातल्या कितीतरी जुन्या पुलांवर याचीच मूर्ती दिसेल.

ती खरोखरच जीभ होती का?

नव्हती. १९७३ साली एमानुएल व्ल्चेक या मानवशास्त्रज्ञाने सांगाडा तपासला, तेव्हा तो गोळा वाळलेल्या मेंदूच्या ऊतीचा निघाला.

हे सांगितलं की पाहुण्यांचे दोन तट पडतात. एक तट हसतो. दुसरा, बहुतेक आमच्या सासूबाईंच्या वयाचा, म्हणतो, "मग काय झालं? विचार करून गप्प बसला ना?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

झ्द्यारच्या मठाधिपतीला एवढी घाई कशाची होती?

त्याचं नाव वात्सलाव वेय्म्लुवा. १७०५ ते १७३८ तो सिस्टर्शियन या कॅथलिक संन्यासी पंथाच्या या मठाचा प्रमुख होता. मठ १२५२ चा, आणि तो स्थापायला भिक्षू आले होते ते पश्चिम बोहेमियातल्या नेपोमुकच्या मठातून. म्हणजे यानच्या गावचाच हा मूळ मठ. तो हुसपंथीयांनी उद्ध्वस्त केला होता, आणि तिथल्या टेकडीचंही नाव झेलेना होराच. वेय्म्लुवाने आपल्या टेकडीला तेच नाव दिलं. माहेरचं घर पडलं, तर त्याचं नाव लेकीच्या दारावर लावावं, तसं काहीसं.

भक्ती होतीच. पण मठाची प्रतिष्ठा, यात्रेकरूंची वर्दळ, शेजारच्या मठांवर मात, हेही होतं. वेय्म्लुवाला बांधकामाचं व्यसन होतं असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

हे बांधलं कोणी? सान्तिनी इटालियन होता का?

नावावरून वाटतो. यान ब्लाझेय सान्तिनी आइखेल १६७७ साली प्रागलाच जन्मला, प्रागलाच १७२३ च्या डिसेंबरात वारला. आजोबा इटलीतून आलेले गवंडी, वडील पाथरवट. घरचा धंदा थोरल्या मुलाकडे जायचा, पण सान्तिनी जन्मतः अर्धांगाने अधू, चालताना लंगडायचा. दगड उचलणं, बांधकामाच्या परांचीवर चढणं जमणार नव्हतं. म्हणून तो चित्रकला शिकला आणि वास्तुकलेकडे वळला. तो नकाशे काढायचा, बांधायचे दुसरे.

मला या माणसाच्या इमारती बघताना हे सारखं आठवतं. दगडाशी झोंबायची ताकद ज्याच्या हातात नाही, त्याने कंपास आणि पट्टी घेऊन कागदावर काय काय करून ठेवलंय! झेलेना होराचा नकाशा एका वर्तुळातून निघतो. वर्तुळाचे दहा भाग करा, एकाआड एक भाग टोकदार आणि गोलसर करत चला, आणि पाच टोकांचा तारा तयार होतो. भिंती कुठे आत घुसतात, कुठे बाहेर फुगतात. बाहेरून चर्चभोवती एक फेरी मारा, एकही बाजू सपाट म्हणून भेटत नाही. दर दहा पावलांवर आकृती बदलते.

सगळीकडे पाच-पाच म्हणतात, ते मोजून दाखवता का?

पाण्यावर चमकलेले पाच तारे, हा उगम. 'मी गप्प राहिलो' याला लॅटिनमध्ये 'ताकुई' म्हणतात, त्यातही लॅटिन लिपीत पाचच अक्षरं, असंही सांगतात. ख्रिस्ताच्या अंगावरच्या जखमाही पाच.

आता मोजा. चर्चचा नकाशा पाच टोकांचा. दारं पाच. वेद्या पाच: मुख्य वेदी यानची, बाकीच्या चार शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांच्या. मुख्य वेदीवर यान एका गोलावर उभा आहे, त्या गोलावर तारे पाच, सोबत देवदूत पाच. बाहेरच्या प्राकाराला दहा बाजू, त्यात पाच दरवाजे आणि पाच छोटी प्रार्थनाघरं. आमचा सात वर्षांचा पुतण्या हे मोजण्यात इतका रंगला की त्याने शेवटी तिकीट खिडकीपाशी उभी असलेली माणसंसुद्धा मोजली. सहा होती. फार हिरमुसला.

पंचकोनी तारा म्हणजे काही जादूटोणा तर नाही?

नाही. हा प्रश्न अलीकडे व्हिडिओ बघून येतो. वर सांगितलेले पाच तारे पुरेसे आहेत.

चर्च बरोक शैलीतलं म्हणतात, मग खिडक्या टोकदार कशा? त्या तर गॉथिक शैलीतल्या ना?

नेमकं बोट ठेवलंत. १७२० च्या सुमारास सगळा मध्य युरोप गोल कमानी, वळणदार खांब, सोन्याचा मुलामा यात बुडालेला असताना सान्तिनीने चारशे वर्षांपूर्वीच्या टोकदार कमानी वापरल्या. त्या जुनाट हौसेपोटी नाहीत. हुसपंथीयांच्या लढायांत जे मठ जळाले ते गॉथिक काळातले होते. मठाधिपतींना म्हणायचं होतं, आम्ही कुठे गेलो नव्हतो, मधली दोनशे वर्षं वजा करा, आम्ही तेच. सान्तिनीने हे म्हणणं दगडाविटांत मांडून दिलं, पण जुन्याची नक्कल केली नाही. कमानीचं टोक गॉथिक, तिचं वागणं बरोक. या मिश्रणाला आता गॉथिक बरोक म्हणतात.

आणि त्या टोकदार खिडक्या जरा लांबून बघा. जिभेच्या आकाराच्या आहेत.

आत गेल्यावर आधी काय बघू?

मान वर करा. सगळं आतलं अंग पांढरं आहे, उजेड वरून झिरपत येतो, आणि घुमटाच्या बरोबर मध्यावर एक लालभडक जीभ आहे. गिलाव्यात घडवलेली, भोवती ज्वाळा आणि किरण. एवढ्या पांढऱ्यात तेवढाच लाल ठिपका. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती मिरचीसारखी दिसली होती, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ बाकावर चक्क उताणे पडून ती बघत होते. मीही शेजारच्या बाकावर आडवा झालो. तसं पडून पाहिलं की घुमट खोल विहिरीसारखा दिसतो आणि जीभ तिच्या तळाशी.

यानचा सांगाडा इथे नाही, बरं का. तो प्रागला, संत व्हीटस कॅथेड्रलमधल्या १७३६ च्या चांदीच्या भल्यामोठ्या समाधीत आहे.

बाहेरच्या त्या गोल पडव्या कशासाठी?

आपल्याकडे मोठ्या देवळाच्या प्राकाराला आतून ओवऱ्या असतात ना, तेच काम. यात्रेकरू लांबून चालत यायचे, पाऊस आला तर आडोसा हवा, मिरवणूक फिरायला वाट हवी. चेक भाषेत याला 'आंबित' म्हणतात. मी ओवऱ्याच म्हणतो, पाहुण्यांना लगेच कळतं.

चर्चचा अभिषेक सप्टेंबर १७२२ मध्ये झाला, पण बांधकाम १७२७ पर्यंत चाललं. सान्तिनी त्याआधीच गेला. म्हणजे ओवऱ्यांसकट सगळं पुरं झालेलं त्याला बघायला मिळालं नाही.

१७८४ साली काय झालं?

दोन्ही संकटं एकाच वर्षी आली. आधी आग लागली. मठ पेटला, टेकडीवरच्या चर्चचं आणि ओवऱ्यांचं छप्पर जळालं. मग सम्राट दुसऱ्या योसेफने मठच बंद केला. त्याचं धोरण सरळ होतं: जे मठ शाळा चालवत नाहीत, दवाखाना चालवत नाहीत, ते कशाला पोसायचे? यात्रांवरही त्याचा राग होता. लोक कामधंदा सोडून टेकड्या चढतात, हे त्याला फुकट घालवलेले दिवस वाटत. शेकडो मठ असे बंद झाले.

म्हणजे छप्पर नाही, मालक नाही, यात्रेला परवानगी नाही. अशा इमारतीचं पुढे काय होतं हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. आधी तुळया जातात, मग चांगले दगड कुणाच्या तरी गोठ्यात दिसतात.

मग हे वाचलं कसं?

मेलेल्यांनी वाचवलं.

आसपासच्या लोकांना चर्च जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. यात्रेसाठी म्हणून दुरुस्ती मंजूर होणार नव्हती. पण दफनभूमी ही गरजेची वस्तू होती. याच योसेफने गावाच्या आत, चर्चच्या तळघरात पुरणं बंद करायला लावलं होतं, मृतांना वस्तीबाहेर जागा हवी होती. टेकडी वस्तीबाहेर. ओवऱ्यांच्या आत मोकळं अंगण, भोवती आयती भिंत, मधे प्रार्थनेला चर्च. चर्चला छप्पर मिळालं ते दफनभूमीचं चर्च म्हणून. अठरावं शतक सरता सरता आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला दुरुस्ती झाली, जमेल तशी, साधी.

माझ्या मते झेलेना होराची खरी गोष्ट इथे आहे. सान्तिनीचा तारा सगळे सांगतात. पण तारा टिकला तो गावातल्या आजी-आजोबांनी अंगणात जागा घेतली म्हणून. पुढची जवळजवळ दोन शतकं इथे लोक संताला भेटायला कमी आणि आपल्या माणसाच्या थडग्यावर फुलं ठेवायला जास्त आले.

पण आता तर अंगणात नुसतं गवत आहे. थडगी गेली कुठे?

हलवली. मूळ बरोक रूप परत आणायचं ठरलं तेव्हा अंगण मोकळं करणं हा त्याचाच भाग होता. नवी दफनभूमी केली, इथे नवं दफन थांबवलं, आणि जुनी थडगी टप्प्याटप्प्याने काढून अवशेष दुसरीकडे नेले. हे काम एका दिवसाचं नव्हतं. कित्येक वर्षं चाललं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काही थडगी अजून होती. लाल काचेचे दिवे, प्लास्टिकची फुलं, आणि एक बाई हिरव्या झारीने पाणी घालत होती. आमच्यासारखे चारजण कॅमेरे घेऊन घुमटाचे कोन शोधत होते, तिने मान वर करूनही पाहिलं नाही. पुढच्या एका खेपेला तिथे गवत होतं. फार सुंदर गवत. चर्चचा तारा त्यातून जसा वर उठतो तसा थडग्यांच्या दाटीत कधीच उठला नसता.

थडगी हलवली हे बरोबर केलं का?

यावर आमच्या घरातही एकमत नाही.

हलवण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ही दफनभूमी सान्तिनीच्या कल्पनेत नव्हती. मोकळं अंगण ही त्याच्या रचनेची अर्धी बाजू, कारण यात्रेकरूने दरवाजातून आत यायचं आणि चारी बाजूंनी तारा बघत फिरायचं, असा बेत होता. थडग्यांच्या रांगांनी तो बेत मोडला होता. शिवाय भिंतींच्या पायाशी सतत खोदकाम होत राहणं कुठल्याच जुन्या इमारतीला मानवत नाही.

विरुद्ध बाजूही तितकीच जड. जतन म्हणजे नेमकं कोणत्या सालापर्यंत मागे जायचं? १७२७ चं रूप खरं आणि नंतरची दफनभूमी खोटी, हे कुणी ठरवलं? बरोक चर्च म्हणून ही जागा साठ-पासष्ट वर्षं नांदली, दफनभूमी म्हणून त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे पंढरपूरला विठ्ठलाच्या गाभाऱ्यातली चांदी आणि मागाहून बसवलेल्या फरश्या काढून जुना दगड उघडा केला, तेव्हाही घराघरांत हाच वाद झाला होता. दगड बघून डोळे निवले, आणि तरीही ज्यांच्या आजीने चांदीच बघितली होती त्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

माझा कौल विचाराल तर: हलवलं ते ठीक, पण अंगणात कुठेतरी त्या दोनशे वर्षांची ठळक खूण ठेवायला हवी होती. गवत जरा जास्तच निरागस दिसतं.

छपरं लाकडाची का ठेवलीत? पत्रा स्वस्त पडला नसता?

पडला असता, निदान सुरुवातीला. ही लाकडी कौलं म्हणजे उभ्या चिरून काढलेल्या अरुंद फळ्या. प्रत्येकीच्या एका कडेला खाच, दुसरी कड निमुळती. एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवत जायचं. विसोचिनात हिवाळा कडक, बर्फ साचतो, वितळतो, पुन्हा गोठतो. लाकूड ते ओलं-सुकं फुगून-आटून झेलतं, पण कायमचं नाही. काही दशकांनी फळ्या बदलाव्या लागतात. आपल्या कोकणात दर वर्षी पावसाआधी कौलं चाळतात तशीच ही न संपणारी चाकरी.

शिवाय इथे प्रश्न फक्त पाण्याचा नाही. ओवऱ्यांच्या छपरांना वळणं आहेत, कोपरे आहेत, दरवाजांवर उंचवटे आहेत. अरुंद फळी वळणावर वळते. पत्र्याचा सपाट तुकडा तिथे बसवला की सान्तिनीची रेघ तुटते. लांबून बघणाऱ्यालाही कुठेतरी खटकतं, का ते सांगता येत नाही.

भिंतीला सिमेंट का चालत नाही?

जुनी वीट आणि दगड जमिनीतलं पाणी शोषतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, ते पाणी बाहेर सोडतो. सिमेंटचा थर ते आत कोंडतो. मग पाणी वर चढतं, सोबत क्षार आणतं, थंडीत गोठतं, आणि काही वर्षांत सिमेंटसकट विटेचा पापुद्रा सुटून येतो. म्हणून बरोक इमारतीची दुरुस्ती चुन्यानेच करतात. रंगही चुन्याचाच. तो काही वर्षांत फिका पडतो आणि पुन्हा काढावा लागतो. पाहुण्यांपैकी एक सिव्हिल इंजिनिअर काका होते, त्यांनी भिंतीवर हात फिरवून सांगितलं, "आपल्याकडे वाड्यांना घाण्यावर मळलेला चुना होता, तेच हे." त्यांनी मग अर्धा तास वाड्यांबद्दल सांगितलं. तो खरं तर वेगळा लेख होईल.

नव्यासारखं दिसतं म्हणजे जुनं काही उरलंय की नाही?

भिंती, घुमट, नकाशा, आतलं गिलाव्याचं काम, वेद्या हे सगळं अठराव्या शतकातलं. छपराची लाकडं आणि बाहेरचे रंगाचे थर नवे. जी वस्तू झिजण्यासाठीच असते ती बदलायची, जी एकदाच घडली ती राखायची, एवढा साधा हिशेब आहे. १९९४ साली युनेस्कोने हे चर्च जागतिक वारसा यादीत घेतलं, तेही सान्तिनीची मूळ रचना जवळजवळ जशीच्या तशी हाती लागते म्हणून.

आता मालक कोण? खर्च कोण करतं?

साम्यवादी राजवटीत आणि नंतरही बराच काळ चर्च सरकारच्या ताब्यात होतं, राष्ट्रीय वारसा संस्था सांभाळायची. धार्मिक मालमत्ता परत करण्याचा कायदा २०१२ साली झाला, आणि २०१४ मध्ये हे चर्च स्थानिक कॅथलिक परगण्याकडे गेलं. टेकडीखालचा मठ मात्र खाजगी: बंद झाल्यावर त्याचा वाडा झाला, आणि आज तो किन्स्की या जुन्या सरदार घराण्याकडे आहे. तिथे २०१५ साली त्यांनी संग्रहालयही उघडलं. म्हणजे एकेकाळी एकाच मठाच्या असलेल्या दोन जागांची तिकिटं दोन मालकांची. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर टेकडीवर पोचल्यावर पाकीट काढताना कुरकुर होते.

यात्रा अजून भरते का?

भरते. यानचा दिवस १६ मे, त्याच्या आसपास. चेक लोक युरोपातल्या सगळ्यात कमी धार्मिक लोकांत मोडतात, त्यामुळे आळंदीची गर्दी मनात धरून जाऊ नका. तरी त्या दिवशी ओवऱ्यांत माणसं उभी असलेली बघितली की त्या कशासाठी बांधल्या ते न सांगता कळतं.

हिवाळ्यात जाता येईल?

टेकडी असतेच. चर्च उघडं असेल की नाही ते निघण्याआधी पाहून घ्या. बर्फ पडलेला असेल तर चढावर घसरायला होतं, साध्या बुटांनी जाऊ नका. आत गरम करायची सोय आहे असं समजू नका.

चपला काढायच्या का?

नाही. टोपी मात्र पुरुषांनी काढायची. दरवेळी कुणीतरी दारात वाकून नाड्या सोडायला लागतंच.

एवढ्या लांब गेल्यावर आणखी काय बघावं?

खाली उतरून मठाचं चर्च बघा, तेही सान्तिनीने नव्याने सजवलं. त्याच्या जवळ खालची दफनभूमी आहे, सान्तिनीचीच, १७०९ ची. साथीचा प्लेग येणार म्हणून आधीच बांधून ठेवली, आणि प्लेग आलाच नाही. तिचा नकाशा माणसाच्या कवटीसारखा आहे म्हणतात. मधे उभा देवदूत तेवढा आहे, शेवटच्या निवाड्याचा. थडग्यांसाठी बांधलेली जागा रिकामी, आणि यात्रेसाठी बांधलेली दोनशे वर्षं थडग्यांनी भरलेली.

गाडी असेल तर ओबिच्तोव गावात थांबा. तिथलं चर्च कासवाच्या आकाराचं आहे, मधे पाठ आणि चार बाजूंना पाय. आणि भूक लागली असेल तर ओस्त्रोव नाद ओस्लावोउ. तिथे सान्तिनीने वेय्म्लुवासाठी एक खानावळ बांधली, जिचा नकाशा त्याच्या नावाच्या पहिल्या रोमन अक्षराचा आहे, दोन 'व्ही' जोडून होतो तो. रस्त्यावरून ते अक्षर कळत नाही, वरून पाहिलं तरच. आमचे इंजिनिअर काका त्या दिवशी बाहेर येऊन बराच वेळ इमारतीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मठाधिपती होता की बिल्डर?"